नावाड्याचं आवतण

भाकरीच्या पिठाचे निम्मे गोळे मातीच्या तबकड्यांवर उन्हात फुगायला मांडून झाले होते, निम्मं पीठ अजून परातीत ओल्या फडक्याखाली होतं, तेवढ्यात खालून शाझलीची हाक आली.

"नबरा! अगं नबरा! ठरलं!"

नबराने गच्चीवरून खाली डोकावूनही पाहिलं नाही. पुढचा गोळा तोडून ती थापत राहिली. तिच्या नवऱ्याचं असं पुष्कळ काही ठरायचं. दाराला निळा रंग द्यायचं ठरलं होतं. परसात कबुतरखाना बांधायचंही ठरलं होतं. तो बांधून झालाही, पण कबुतरं अजून यायची होती. शाझलीचं 'ठरलं' म्हणजे दुसऱ्यांचं 'बघू या'. अल्लाने माणसं नाना तऱ्हेची घडवली आहेत, त्यातली ही एक तऱ्हा, असं म्हणून तिने त्यावर संसार काढला होता.

"सरोवरावर जायचं ठरलं! दहब तांडेल स्वतःच्या तोंडाने म्हणाला. वसंताच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या नावेतून. अबू होरपर्यंत!"

आता मात्र तिचा हात थांबला. बोटांना चिकटलेलं पीठ तसंच राहिलं.

खाली गल्लीतून चारावाला आपली गाढवगाडी घेऊन चालला होता. शाझलीने त्याला वाटेतच गाठलं. "काका, सरोवरावर चाललोय मासे मारायला. चला आमच्याबरोबर! तुमच्याशिवाय मजा नाही."

चारावाल्याने गाढव थांबवलं नाही. उजवा हात छातीवर ठेवला, म्हणाला, "अल्ला तुला उदंड आयुष्य देवो," आणि गाडी पुढे काढली. शाझलीही खूश, चारावालाही खूश. त्या दोघांची त्या आधी नीट ओळखसुद्धा नव्हती.

शाझलीला समजून घ्यायचं तर त्याची फेरीबोट समजून घ्यायला हवी. नाईलच्या पश्चिम काठावरचं हे गाव आणि पलीकडचं अस्वान शहर ह्यांच्यामध्ये जी फेरीबोट जाते, तिच्यावर तो मिसरूड फुटल्यापासून तिकिटं फाडत होता. सबंध नोकरीभर त्याने प्रवास केला आणि सबंध नोकरीभर तो समोरच्या काठापलीकडे गेला नाही. दुपारी डबा उघडायची त्याची वेळ आणि बोट सुटायची वेळ एकच. दोर सुटला, मध्ये चार हात पाणी आलं, की शाझली भाकरीचा तुकडा उंच धरून काठावरच्या माणसांना ओरडायचा, "या, जेवायला या! या की!" काठावरची माणसं छातीला हात लावायची. नावेतून काठावरच्याला दिलेलं असलं आवतण आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. देणाऱ्याचं काही जात नाही, घेणाऱ्याला कुठे यायचं नसतं आणि दोघांचाही दिवस गोड होतो. बाकीचे लोक असलं आवतण कधीमधी देतात. शाझली मात्र श्वास घ्यावा तसा देत असे. त्यात लबाडी तसूभरही नव्हती. त्या क्षणी त्याला खरंच वाटायचं, की अख्ख्या काठाने येऊन आपल्या डब्यात हात घालावा. पण बोट तोवर सुटलेली असायची.

हिवाळ्यात तो निवृत्त झाला. मग गळ आणि बांबूची काठी घेऊन नदीकाठच्या खडकावर बसू लागला. बोटभर लांबीचे बुलटी मासे मिळायचे. त्यातलेही येणाऱ्याजाणाऱ्याला देऊ करायचा. मोठ्या धरणापलीकडे, जिथे सरोवर सुरू होतं, तिथे म्हणे माणसाएवढा सामूस मासा गळाला लागतो. ते सरोवर शाझलीने धरणाच्या भिंतीवरून एकदाच पाहिलं होतं, तेही शाळेच्या सहलीत.

आणि नबराने? तिने ते पाहिलंच नव्हतं. तिचं गाव मात्र त्याच्या तळाशी होतं.

धरणाचं पाणी चढायच्या आधी अबू होरहून बोटीत बसवून त्यांना खाली नव्या वसाहतीत आणलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. निघायच्या आधी साऱ्या बायकांनी कबरस्तानात जाऊन कबरींवर पाणी शिंपडलं. नबराच्या हातातही एक लहान मडकं होतं. तिची आजी त्याच आठवड्यात वारली होती. तिच्या कबरीची माती अजून ओलीच होती, तिला वेगळं पाणी लागलं नाही. सगळ्यांना घेऊन आले आणि आजीला तेवढं मागे ठेवलं, हे नबराच्या मनातून कधी गेलं नाही. मेलेल्यांसाठीची फातिहा कुठूनही म्हटली तरी पोचते, हे तिला ठाऊक होतं. रोज पहाटेच्या नमाजानंतर ती पोचवतही होती. तरी एकदा त्या पाण्यावर जाऊन, आजीच्या वर बसून, फातिहा म्हणावी अशी तिची इच्छा होती. ही इच्छा तिने कुणाला सांगितली नव्हती. शाझलीला तर मुळीच नाही. त्याला सांगितलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, "चल की!" आणि ते 'चल की' चारावाल्याच्या पंगतीत जाऊन बसलं असतं.

तिला खरं आवतण हवं होतं.

त्या दिवसापासून घरात बेत शिजू लागला. रोज संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर बैठक बसायची. पहिले आले सिर्री मास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते ओट्यासमोरून चालले होते, शाझलीने सवयीने म्हटलं, "मास्तर, चला ना सरोवरावर," आणि मास्तर चपला काढून ओट्यावर येऊन बसले. "येतो," म्हणाले. "कधी निघायचं?"

असं शाझलीच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. आत येऊन तो नबराच्या कानात म्हणाला, "मास्तर अलेक्झांड्रियात शिकले ना, नाही म्हणायची रीत तिकडेच विसरून आले."

"मग आता?"

"आता काय! येऊ देत. नावेत तांडेल सोडून तिघांची जागा आहे. मी, मास्तर आणि एक अजून." एवढं बोलून तो चहाची साखर शोधू लागला आणि साखर शोधता शोधता म्हणाला, "तू पण चल की!" साखर सापडली, तशी तो ती घेऊन बाहेरही गेला.

नबरा चुलीपाशी उभी राहिली. आमच्याकडची रीत अशी, की पहिल्यांदा कुणी बोलावलं तर ते शिष्टाचाराचं, दुसऱ्यांदा बोलावलं तर मायेचं, आणि तिसऱ्यांदा बोलावलं तर मनापासूनचं. एक झालं, तिने मनात म्हटलं. साखर शोधताना म्हटलं तरी एक ते एकच.

बैठकीत हरेक गोष्टीची चर्चा झाली. गळाला काय लावायचं, कणीक की कोळंबी? मास्तर म्हणाले, सामूस कणीक खात नाही, जिवंत मासा खातो. शाझली म्हणाला, त्याने कधी चांगली मळलेली कणीक पाहिलीच नसेल. वाऱ्याचं काय? खमासीनची धुळीची वावटळ उठली तर दहब नाव पाण्यात घालणार नाही. मास्तरांनी घरून एक जुना नकाशा आणला; त्यात सरोवरच नव्हतं, नुसती नदीची रेघ होती. मग शाझलीने त्यावर निळ्या पेन्सिलीने सरोवर काढलं आणि ते इतकं मोठं काढलं, की मास्तर म्हणाले, "शाझली, सुदान बुडवलास तू." डोक्याला टोपी की पागोटं, स्टोव्ह न्यायचा की काटक्या, चहा किती, साखर किती. साखरेवर दोन संध्याकाळी गेल्या. मासा मिळाला तर तो कसा आणायचा ह्यावर तीन. मिळालाच नाही तर काय, ह्यावर कुणी बोललं नाही.

"अबू सुमय्या, पाण्यावर चाललात की मक्केला?" नबराने दारातून विचारलं. थोरल्या लेकीच्या नावाने ती त्याला हाक मारत असे.

"हस, हस! तुला काय कळणार त्यातलं? बेत नीट नसला तर मासा हसतो."

"आणि बेत नीट असला तर?"

"तर तो आपणहून नावेत उडी मारतो," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. हसता हसताच शाझलीने मान वळवली. "नबरा, तू चल ना गं खरंच. तुझ्या हातचा चहा पाण्यावर किती लागेल!"

दोन. हे मात्र चहाच्या निमित्ताने झालं होतं, तरी दोन. नबराने काही उत्तर दिलं नाही. तिसरी वेळ येईपर्यंत उत्तर द्यायचं नसतं. ती आत गेली आणि आपली जाड शाल उन्हात टाकावी का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. अजून नको, म्हणाली.

तिसरी वेळ आलीच नाही. आला तो खलील.

खलील हा शाझलीचा चुलतभाऊ. धिप्पाड, मऊ आवाजाचा, काठाजवळ किराण्याचं दुकान चालवणारा. तो त्या संध्याकाळी फक्त उधार दिलेली चाळण मागायला आला होता. पण ओटा होता, चहा होता, आणि शाझली रंगात आला होता. "खलील! तू येतोस! सरोवरावर!"

खलीलने रीतसर छातीवर हात ठेवला. "अल्ला तुला आयुष्य देवो."

"नाही नाही, तू यायचंच!"

"तुझं घर आबाद राहो, शाझली."

"माझ्या चहाची शपथ!"

"तुझ्या चहाला बरकत येवो."

इथे थांबायचं असतं. दोन्ही पक्षांची अब्रू राहिली होती. पण शाझलीला एक खोड होती, फेरीबोटीवर उत्तरेकडच्या गावांतले उतारू चढायचे, त्यांच्याकडून सर्दी लागावी तशी लागलेली. तो उठून उभा राहिला, पेला हातात, आणि गरजला, "माझ्यावर तलाक आहे, खलील, तू आला नाहीस तर!"

नबरा चाळण घेऊन दारात आली होती. चाळण तिच्या हातात राहिली.

आमच्या नुबियात असली शपथ कुणी घेत नाही. पण घेतली की घेतली. आता खलील गेला नाही, तर शाझलीची बायको शाझलीची राहणार नाही. खलीलने एकदा नबराकडे पाहिलं, एकदा नदीकडे पाहिलं. त्याचा रंग उतरला. "येतो," तो म्हणाला. फार हळू म्हणाला.

"बघ!" शाझली आनंदाने नबराकडे वळला. "तिघे झाले. नाव भरली!"

नबराने खलीलच्या हातात चाळण दिली आणि ती आत गेली. रात्रीच्या नमाजात ती नेहमीपेक्षा जास्त वेळ कपाळ टेकून सजद्यात राहिली. तिने अल्लाला नवऱ्याबद्दल बरंच काही सांगितलं. त्यातलं काही गाऱ्हाणं होतं, काही नुसतंच वर्णन होतं.

सकाळी शाझली गुणगुणत गळ घासत बसला होता. "रुसलीस का?"

"नाही. मी तुमची बायको आहे की नाही हे आता खलील ठरवणार. त्याला विचारून सांगते."

"अगं, ती बोलायची रीत असते!"

"तुमचं सगळंच बोलायची रीत असते, अबू सुमय्या."

ती भिंतीपलीकडे खलीलच्या घरी गेली तेव्हा खलील घराबाहेर ओट्याच्या सावलीत डोकं धरून बसला होता आणि त्याची बायको अवाडा त्याला लिंबूपाणी देत होती. "आजारी आहेत का?" नबराने विचारलं.

"अजून नाहीत," अवाडा म्हणाली. "सरावाने होताहेत. काल रात्रीपासून नावेत बसल्यासारखं वाटतंय म्हणे. पलंगावर!"

खलील ओशाळा हसला. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. मला पाण्याची भीती वाटते. फेरीबोटीतसुद्धा पाय ठेवत नाही मी. शहरात जायचं तर लांबच्या पुलावरून वळसा घालून जातो. शाझलीला वाटतं, वाटेत सासुरवाडी आहे म्हणून जातो."

"सासुरवाडी पुलाच्या उलट बाजूला आहे," अवाडा म्हणाली. "आणि ह्यांना ती बाजूही आवडत नाही."

"मग हो का म्हणालात, भावजी?"

"तुमचा संसार, वहिनी!" खलीलने हात पसरले. "मी नाही म्हटलं असतं तर तुम्हाला घर सोडावं लागलं असतं. तुमच्यासाठी बुडायला तयार झालो. आता रोज दुआ मागतोय, की त्या दिवशी वावटळ उठू दे. मास्तरांना कळलं तर ते म्हणतील, हा आपल्यापायी सगळ्यांचा सण बिघडवतोय."

नबराला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. हा माणूस तिच्यासाठी जिवावर उदार झाला होता आणि त्याने नेमकी तिचीच जागा अडवली होती. ती तिथून उठली ती सरळ मशिदीच्या बाजूच्या खोलीत शेख बशीर बसायचे तिकडे गेली.

शेख बशीर वयस्क, बहिऱ्या कानाचे, पण डोळ्यांनी सगळं ऐकणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शाझली?" ते म्हणाले. "फेरीबोटवाला? त्याने मागे एकदा टपालवाल्यापुढे तलाकची शपथ घेतली होती, कलिंगड खाल्लं नाहीस तर म्हणून. बिचाऱ्याने दारात उभ्याउभ्या अर्धं कलिंगड खाल्लं. अशी शपथ घेताना त्याच्या मनात काय होतं, मुली? तुला सोडायचं होतं?"

"नाही, शेख. त्यांच्या मनात चहा होता."

शेख हसले, मग गंभीर झाले. "मनात नसेल तर तुझा संसार मोडत नाही. पण शपथ ती शपथ, तोंडाने उच्चारली. मोडायची तर तिचं प्रायश्चित्त आहे. दहा गरजूंना जेवू घालायचं, आपण घरी जे खातो तसंच जेवण, उरलंसुरलं नाही. आणि ऐक, ज्याने शपथ घेतली त्याने राबायचं. तुझ्या हाताने शिजलं तर त्याच्या जिभेला काय कळणार?"

दुपारी जेवणं झाल्यावर नबराने शाझलीच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि उभ्यानेच बोलून टाकलं. "खलील येणार नाहीत. शपथ मोडायची. शेखना विचारून आले. दहा गरजूंना जेवू घाला, तुमच्या हाताने."

शाझलीचा चेहरा पडला. "अगं पण का? खलीलला हौस आहे किती! रंग बघितलास ना त्याचा?"

"त्यांची हौस असू दे. ती जागा मला हवी आहे."

"तुला?" शाझली हसायला लागला आणि मध्येच थांबला. "तुला यायचंय? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"मी? मी तुला चल चल म्हणून..."

"तुम्ही चारावाल्यालाही म्हणालात, अबू सुमय्या."

मग नबरा ताट हातात घेऊन तशीच बसली आणि तिने त्याला मडक्याची गोष्ट सांगितली, ओल्या मातीची गोष्ट सांगितली, बोट सुटताना आपण मागे वळून कुणाला हाक मारली ती गोष्टही सांगितली. फार वेळ लागला नाही. एवढी वर्षं सांगितली नव्हती ती गोष्ट किती छोटी होती, ह्याचं तिलाच नवल वाटलं.

शाझली उठला, पागोटं बांधलं आणि मसूर-तांदूळ आणायला खलीलच्या दुकानाकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात शिरला. नबराला त्याने आत येऊ दिलं नाही. आतून मसूर करपल्याचा वास आला, मग पातेलं पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा मसूर भिजवल्याचा. "मीठ कुठे आहे?" "तुमच्या डोळ्यांसमोर." "हे मीठ होतं?" अवाडा भिंतीपलीकडून म्हणाली, "वहिनी, ही कसली शपथ, ह्या वासाने माणसं गाव सोडून जातील." दुपारपर्यंत भात, मसुराची आमटी, कोबीच्या पानांचे मांस भरलेले गुंडाळे, आणि करपलेल्या पातेल्याच्या मागे लपवलेलं आणखी एक करपलेलं पातेलं असं सगळं तयार झालं. गुंडाळे कुणाच्या हातचे होते हे विचारायची सोय नव्हती. खलील मागच्या दाराने येऊन गेला होता एवढं खरं.

मग शाझली हात धुवून, स्वच्छ पायघोळ गलाबिया घालून, गल्लीत आवतणं द्यायला निघाला. पलीकडच्या विधवेच्या दारात गेला. "आई, जेवायला या आमच्याकडे."

म्हातारीने छातीला हात लावला. "अल्ला तुला आयुष्य देवो, बाळा."

"नाही, खरंच या!"

"तुझं घर भरलेलं राहो."

तो आंधळ्या कुराणपाठकाकडे गेला, वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाकडे गेला, मशीद झाडणाऱ्याकडे गेला. सगळ्यांनी त्याला उदंड आयुष्य दिलं. जेवायला एकही आला नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा तो घामाघूम होऊन ओट्यावर येऊन टेकला. आत दहा माणसांचं जेवण निवत होतं.

"नबरा," तो म्हणाला, आणि तिने त्याचा असा आवाज फारच कमी वेळा ऐकला होता. "माझ्यावर कुणाचा विश्वासच नाही गं."

तिला त्याला आणखी थोडं टोचता आलं असतं. दोनतीन वाक्यं ओठांवर आलीही होती, चांगली धारदार. पण त्याच्या गलाबियाच्या बाहीला मसुराचा डाग पडला होता आणि तो डाग पाहून तिने ती वाक्यं गिळली.

"बोलावू नका," ती म्हणाली. "ताटं भरा, झाका, आणि नेऊन द्या. दारात ठेवा. तोंड उघडू नका."

"काहीच बोलू नको?"

"सलाम करा. तेवढं चालतं."

तो दोन दोन ताटं घेऊन गल्लीतून हेलपाटे घालू लागला. तोंड घट्ट मिटलेलं. सिर्री मास्तर ओट्यावरून म्हणाले, "ह्याला काय झालं? दात दुखतोय का?" विधवेने ताट उघडलं, शाझलीकडे पाहिलं, पुन्हा ताटाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच छातीवर हात न ठेवता तो त्याच्या डोक्यावर ठेवला. कुराणपाठकाने विचारलं, "कोण आहे?" शाझलीने फक्त सलाम केला. "शाझली?" पाठक म्हणाला. "असू शकत नाही. तो तर बोलला असता."

दहा ताटं गेली. रिकामी ताटं परत यायला लागली तेव्हा सूर्य वाळूच्या टेकडीमागे गेला होता. दहब तांडेल धरणावरून घरी परतताना ओट्यापाशी थांबला. हातभर दाढी, डोळे उन्हाने बारीक झालेले. "काय, तिघे नक्की ना? वारा बरा दिसतोय. सण झाला की दुसऱ्या दिवशी पहाटेआधी निघू, रात्र बेटावर काढू."

"तिघे," शाझली म्हणाला. "मी, मास्तर आणि नबरा. आणि तांडेल, अबू होरच्या पाण्यावर थोडा वेळ नाव थांबवावी लागेल. यंत्र बंद करून."

दहबने नबराकडे पाहिलं. तो स्वतः तिकडचाच, खालच्या वाडीचा. त्याने मान हलवली. "थांबवतो. तिथे मासा नाही, पण थांबवतो."

"मासा नाही?" मास्तर दचकले. "मग मी एवढी जिवंत मासळी..."

"मास्तर," शाझली म्हणाला, "तुम्ही गप्प बसा हो जरा." आणि मास्तर खरोखर गप्प बसले, कारण शाझलीने कुणाला गप्प बसायला सांगितल्याचं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दहब गेला. मास्तरही आपला नकाशा गुंडाळून गेले. भिंतीपलीकडे खलीलच्या घरातून कुणीतरी मोठ्याने अल्लाचे आभार मानत होतं. शाझलीने गळाची पिशवी उघडली, एक गुंता सोडवायला घेतला, आणि वर न पाहता म्हणाला, "पहाटे पाण्यावर हवा बोचते. तुझी ती जाड शाल आहे ना अजून?"

'चल' नाही, 'ये' नाही, शपथ नाही. नबराने ती तिसरी वेळ मनातल्या मनात मोजली.

"आहे," ती म्हणाली. "पण माझ्या चपला ओल्यावर घसरतात."

"मग?"

"मग काय. सकाळच्या फेरीबोटीने पलीकडे जाते आणि बाजारातून रबरी चपला घेऊन येते."